वेस नसलेलं गाव

दिल्लीत थंडी आली हे आधी टेंटवाल्यांना कळतं, मग हवामान खात्याला आणि सगळ्यात शेवटी आमच्या माळ्यावरच्या रजयांना. देवउठनी एकादशी, म्हणजे आपली कार्तिकी, झाली की समोरच्या मैदानात एका सकाळी ट्रक येऊन उभा राहतो, बांबू धडाधड खाली पडतात, आणि मी चहाचा कप घेऊन बाल्कनीत जाते. लगीनसराई सुरू झालेली असते. आता होळीपर्यंत अधूनमधून झेंडूचा वास, जनरेटरची घरघर आणि बँडवाल्यांचं ते एकाच जागी हमखास चुकणारं ट्रम्पेट. आजूबाजूचे लोक वैतागतात, खिडक्या लावून घेतात. मला मात्र हा मोसम मनापासून आवडतो. लग्न कुणाचं का असेना, माझा चेहरा खुलतो. याला पप्पा ‘फुकटचा उत्साह’ म्हणतात.

पप्पा म्हणजे माझे यजमान. आमची सुजाता बोलायला लागली तेव्हा तिनं त्यांना पप्पा म्हटलं, आणि बघता बघता शेजारीपाजारी, दूधवाला आणि शेवटी मीसुद्धा त्यांना पप्पाच म्हणू लागले. बाहेर काय म्हणावं हा प्रश्नच मिटला.

परवा सुजाताची मुलगी रिया आली होती. मैत्रिणीच्या लग्नाची तयारी तिच्याकडे आहे म्हणे. मोबाइल माझ्या नाकाशी धरून म्हणाली, ‘‘आजी, बघ ना, पूरी रस्टिक थीम आहे!’’ मी चष्मा लावून पाहिलं. लोणच्याच्या बरणीत रानफुलं, भिंतीला टेकवलेलं बैलगाडीचं चाक, बसायला कडब्याच्या पेंढ्या. ज्या गोणपाटावर आम्ही जन्मभर पाय पुसले त्याचे खुर्च्यांच्या पाठीला बो बांधलेले. मला हसूच फुटलं. रियाला वाटलं आजीला आवडलं. आवडलं तर होतंच. पण मला तो दुसराच हिवाळा आठवला होता, जेव्हा तिच्या आईनं हेच सगळं मागितलं होतं आणि आमच्या घरातलं बोलणंचालणं थांबायची वेळ आली होती.

नव्वदीच्या दशकातले ते दिवस. सगळं काही नव्यानं मिळायला लागलं होतं. टीव्हीवर एकाएकी ढीगभर चॅनेलं आली, कोपऱ्यावरच्या दुकानात परदेशी चॉकलेटं दिसू लागली. सुजाता गुडगावच्या एका नव्या कंपनीत लागली होती, आणि तिथे म्हणे साहेबाला नुसत्या नावानं हाक मारत. हे ऐकून पप्पांचा घास हातातच राहिला. ते एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. साहेबाच्या नावाच्या मागेपुढे काहीतरी जोडल्याशिवाय त्यांच्या तोंडून ते नाव निघत नसे. देशानं दारं उघडली, असं वर्तमानपत्रं रोज लिहीत होती. आणि गंमत अशी, की त्याच सुमारास आमच्या मयूर विहारच्या सोसायटीनं पहिल्यांदा लोखंडी गेट बसवलं आणि तिथे चौकीदार ठेवला. येणाऱ्यानं नाव सांगायचं, कुणाकडे जायचं ते सांगायचं, मगच आत. बैठकीत त्या गेटच्या विरोधात बोलणारे पप्पा एकटेच होते. चोऱ्या होतात, पप्पाजी, असं सगळ्यांनी त्यांना समजावलं. त्यांना गेट का नको होतं हे मला ठाऊक होतं, पण असल्या गोष्टी सोसायटीच्या बैठकीत बोलायच्या नसतात.

आम्ही विदर्भातले, कापसाच्या मुलखातले. लग्न होऊन दिल्लीला आले तेव्हा तिमारपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमचा संसार मांडला. सुजाता हिंदूराव हॉस्पिटलात झाली. तिच्या अंगावरचं पहिलं टोपडंसुद्धा करोल बागेतलं. तिचं मराठी घरापुरतं, दाराबाहेर पाऊल पडलं की हिंदी, आणि रागावली की इंग्रजी. गाव तिनं पाहिलं ते लहानपणी एकदोनदा, तेही उन्हाळ्याच्या सुट्टीत. तिच्या लक्षात राहिलं होतं एक वासरू, चिंचेची सावली आणि रात्री अंगणात बाजेवर झोपून दिसणारं आभाळ. बाकी गाव तिला आमच्या गोष्टींतून कळलं, आणि त्या गोष्टी आम्ही निवडून सांगितलेल्या. कापूस वेचायच्या दिवसांतली गाणी, तुरीच्या शेंगा मिठात उकडून खाल्लेल्या, पुराच्या पाण्यात पोहायला शिकलेले पप्पा. जे कडू होतं ते सांगितलं नाही. लपवलं असंही नाही. जेवायला बसलेल्या लेकरासमोर कुणी डाळीतले खडे मांडत नाही, एवढंच. त्यात काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

अमोल तिच्याच कंपनीतला. आईवडील पुण्याचे, पण तो वाढला गाझियाबादेत. वडील तिथल्या एका कारखान्यात होते. ते ब्राह्मण, आम्ही बौद्ध. गावाकडे असतो तर या एका वाक्यावर दोन्ही घरांतल्या किती चुली थंड पडल्या असत्या कोण जाणे. पण दिल्लीत मराठी बोलणारं माणूस भेटलं की आधी आनंद होतो, आडनाव नंतर आठवतं. दोनदा चहा झाला, एकदा पुरणपोळी झाली, आणि अमोलची आई, नीलाताई, म्हणाल्या, ‘‘मुलांनी ठरवलंच आहे, तर आपण कशाला मधेमधे करायचं?’’ लग्न सकाळी विहारात, आमच्या पद्धतीनं. मग दुपारी, उन्हात, दोन्ही घरांचं मिळून रिसेप्शन, आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या मैदानात. दिल्लीकरांना दुपारचं रिसेप्शन ऐकूनच गंमत वाटली. पण पौषाच्या आधीचं दिल्लीचं ऊन ज्यांनी अंगावर घेतलंय त्यांना त्याची किंमत कळेल. त्या उन्हात माणसं भांडतसुद्धा नाहीत.

सगळं ठरलं. सुजाताची मागणी एकच होती. रिसेप्शनला गाव हवं.

गाव बांधून द्यायला गुलशनजी होते. आमच्या भागातले जुने टेंटवाले, पोट पुढे आणि अल्बम त्याच्याही पुढे. सोफ्यावर बसून त्यांनी अल्बम उघडला. ‘‘आंटीजी, आजकल तो यही चल रहा है. बड़े-बड़े होटलवाले भी गाँव बनवा रहे हैं.’’ त्यांचं गाव मोठं बघण्यासारखं होतं. झोपडी हरियाणाची, कठपुतळ्या राजस्थानच्या, लस्सीचे मोठे पेले पंजाबचे, कोपऱ्यात पोपटवाला ज्योतिषी, बांगड्यांची गाडी, फिरतं कुंभाराचं चाक. हुक्का होता. एक थर्माकोलची गायही होती, तिला डोळे मिटता-उघडता येत. असं गाव हिंदुस्थानात कुठेच नसेल, पण पाहिलं की राहायला जावंसं वाटे. आणि समोर भलंमोठं प्रवेशद्वार: विटा रंगवलेली, बुरूज असलेली, दोन्ही बाजूंना देवड्या काढलेली गावाची वेस. अल्बमवर बोट ठेवून गुलशनजी म्हणाले, ‘‘ये गेट मेरी जान है.’’

सुजाता खूश. ‘‘मम्मी, बिल्कुल असंच हवं!’’ मी त्या वेशीकडे पाहिलं आणि चहा आणायला उठले. आत जाऊन पातेलं ठेवलं, साखर दोनदा घातली. पप्पा घरी नव्हते, हे बरं वाटलं.

पुढच्याच रविवारी पप्पा गच्चीवर वर्तमानपत्र वाचत बसले होते, पाठीवर ऊन, पायात मोजे. मी शेजारी पापड वाळत घालत होते. सुजाता जिना धडधडत वर आली. एका हातात जरीचा गुलाबी फेटा आणि दुसऱ्या हातात बांबूची उंच काठी, लाल फीत गुंडाळलेली, टोकाला घुंगरांचा झुबका. गुलशनजींच्या सामानातून स्वतः निवडून आणलेली.

‘‘पप्पा, ही तुमची! तुम्ही आमच्या गावाचे मुखिया. फेटा बांधून गेटवर उभं राहायचं आणि सगळ्यांना वेलकम करायचं. आणि बघा, काठी आपटली ना की...’’

तिनं काठी गच्चीच्या फरशीवर आपटली. घुंगरं वाजली. आवाज छान होता, खोटं कशाला बोलू.

पप्पांनी वर्तमानपत्राची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून. मग अगदी हळू आवाजात, ऑफिसात बोलत तसं म्हणाले, ‘‘सुजाता, रिसेप्शनला मी नसलो तर चालेल का? विहारात येईन मी.’’ आणि जिना उतरून खाली गेले.

पोरगी तशीच उभी राहिली. तिला वाटू नये तेच वाटलं. ‘‘मम्मी, त्यांना अमोल नकोय ना? ते बोलले नाहीत, पण नकोय ना?’’ मी नाही म्हटलं, शपथ घेतली, पण तिला पटेना. दोन दिवसांत ती गोष्ट गाझियाबादेत पोचली. नीलाताईंचा फोन. कुठल्याही विषयावर ठाम बोलणारी ती बाई चाचरत विचारत होती, ‘‘आमच्याकडून काही कमीजास्त झालं का हो?’’ म्हणजे आता प्रश्न फेट्याचा आणि काठीचा राहिला नव्हता. एकुलत्या एका मुलीनं बापाशिवाय त्या मैदानात उभं राहायचं, आणि जन्मभर समजायचं की बापाला तिचा नवरा पसंत नव्हता. घरात लग्न आणि जेवताना फक्त वाट्यांचा आवाज.

मी पप्पांना म्हटलं, ‘‘अहो, सांगून टाका तिला.’’

‘‘काय सांगू? लग्नाच्या तोंडावर पोरीला हे सांगू?’’

‘‘मग तिनं अमोलला काय सांगायचं?’’

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली. सरकारी माणसानं सुट्टी नसताना घरी राहणं म्हणजे मोठीच गोष्ट.

हिवाळ्यात दिल्लीच्या घरांत काही बोलायचं असलं की मटार सोलायला बसतात. हात गुंतलेले असतात, नजर खाली असते, बोलणं सोपं जातं. आम्ही तिघं गच्चीवर सतरंजी टाकून बसलो, मध्ये मटारचा ढीग. पप्पांनी एक शेंग सोलली, दाणे पातेल्यात टाकले आणि विचारलं, ‘‘सुजाता, वेस म्हणजे काय माहीत आहे तुला?’’

‘‘गेट. गावाचं गेट.’’

‘‘हो. माझे आजोबा आमच्या गावच्या वेशीवर असत. वेसकर म्हणत त्यांना. अशीच काठी असे हातात, घुंगरांची. आपण येतोय हे लोकांना आधी कळावं, म्हणजे बाजूला होता येईल, म्हणून घुंगरं. थंडी असो, पाऊस असो, गावाची राखण करायची. आणि घर कुठं? वेशीच्या बाहेर. आत कोण गेलं, कोण आलं, सगळं त्यांना ठाऊक. ते स्वतः मात्र आतले कधीच नव्हते. आम्ही धम्म घेतला तेव्हा माझ्या बापानं ती काठी वेशीला टेकवून ठेवली आणि घरी आला. आईनं त्या दिवशी गोड केलं होतं.’’

सुजाताच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ‘‘आणि मी तुम्हाला तीच... पप्पा, मला कुणी सांगितलंच नाही! कॅन्सल करते सगळं. साधं एखाद्या हॉलमध्ये करू, खुर्च्या-टेबल, बस. नको मला गाव.’’

आता मला वाटलं पप्पा म्हणतील, बरं झालं. पण ते एकदम ताठ बसले. आणि बोलले ते ऑफिसातल्या मराठीत नाही, वऱ्हाडीत. दिल्लीला आल्यापासून ही भाषा ते फक्त सर्दी झाल्यावर आणि क्रिकेट बघताना बोलत.

‘‘काहून नको? गाव काय त्यायच्या एकट्याचं हाय? कापूस आम्ही वेचला, तुरी आम्ही झोडल्या. गाव माह्यंबी हाय! कर तू गाव. मीच करून देतो तुले. फक्त वेस नको.’’

सुजाता रडता रडता हसायला लागली. मीही. अर्धे मटार त्या दिवशी कच्चेच खाऊन संपले.

त्यानंतर जे काही सुरू झालं त्याला तोड नाही. आजवर भाजीच्या पिशवीपलीकडे कशात लक्ष न घालणारा माणूस रोज ऑफिसातून आला की गुलशनजींच्या गोदामात. पहिल्या भेटीत गुलशनजींनी डोक्याला हातच लावला. ‘‘साहब, बिना गेट के शादी? नाम का बोर्ड कहाँ लटकाऊँगा? मेहमान घुसेंगे कहाँ से?’’

‘‘जहाँ से मन करे,’’ पप्पा म्हणाले.

‘‘चारों तरफ़ से खुला? साहब, कोई भी आ जाएगा!’’

‘‘हाँ,’’ पप्पा म्हणाले. ‘‘कोई भी आ जाए.’’

गुलशनजींनी माझ्याकडे पाहिलं. साहेबांची तब्येत ठीक आहे ना, असा त्यांचा चेहरा. मी मान डोलावली. त्यांनी अल्बममधलं ते आवडतं पान दोन-तीनदा पुढे सरकवून पाहिलं आणि मग जड मनानं अल्बम मिटला.

थर्माकोलची गाय गेली. पोपटवाला गेला, आमच्याकडे भविष्य कुणी बघत नाही. कठपुतळ्या सुजाताच्या हट्टानं राहिल्या; पप्पा म्हणाले, पाहुण्या म्हणून राहू देत. पप्पांना हव्या होत्या पऱ्हाट्या. म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, बोंडं फुटलेली. सुजातानं असं झाड कधी पाहिलंच नव्हतं. तिला कापूस ठाऊक तो निळ्या कागदातल्या गुंडाळीचा. गुलशनजींचे मेहुणे हरियाणातल्या कापसाच्या भागातले निघाले. एक दिवस मेटाडोर भरून पऱ्हाट्या आल्या. पप्पांनी त्यातली एक हातात घेतली, बोंडातून कापूस अलगद ओढून काढला, बोटांनी सरकी चाचपली, आणि कितीतरी वेळ त्यांना दुसरं काही दिसेना. उंच उंच मडक्यांना त्यांनी स्वतः पांढरा चुना लावला, खाली निळीचा पट्टा ओढला, आणि मैदानभर ती मडकी ठेवून त्यांत पऱ्हाट्या उभ्या केल्या. फुलांची एकही माळ नव्हती, पण मैदान फुललेलं दिसत होतं. तुराट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचे, कूड बांधून स्वयंपाकाची जागा आडोशाला घेतली. वर जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव. आणि बसायला सोफे नाहीत, सिंहासनं नाहीत, नवरानवरीलासुद्धा नाही. सगळ्यांना बाजा, सगळ्या एकाच उंचीच्या.

‘‘एकाच उंचीच्या कशाला?’’ मी विचारलं.

‘‘त्याशिवाय बसून मजा येत नाही,’’ ते म्हणाले.

जेवणही त्यांनीच ठरवलं. आलू-वांग्याची झणझणीत भाजी, वरण, कढी, बुंदी आणि रोडगे. रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, पण सोसायटीचे सेक्रेटरी गोवऱ्या म्हटल्यावर खुर्चीतून उठून उभे राहिले, म्हणून तंदूरवर भागवलं. तंदूरवाल्यानं एक रोडगा हातात तोलून पाहिला आणि म्हणाला, ‘‘ये तो बाटी का ताऊ है!’’

गंमत बघा, आता नोएडाच्या त्या मोठमोठ्या फार्महाउसांत कापसाची बोंडं सजावटीला ठेवतात. रियाच्या फोटोंतही होती, काचेच्या नळीत एकेक फांदी. लोकांना त्यातलं काय सुंदर वाटतं मला माहीत नाही. मला विचाराल तर कापूस फुटतो ते दिवसच सुंदर. हवेत गारवा आलेला असतो, उन्हाला धार नसते, आणि सकाळी शेताच्या बांधावर उभं राहिलं की काळ्या जमिनीवर जिथवर नजर जाईल तिथवर पांढरं. बायका ओटी भरून कापूस वेचतात आणि एकमेकींची थट्टा करतात. बोटं बोंडाच्या काट्यांनी सोलवटतात, पण दिवसभर हसून गाल दुखतात ते जास्त. माझी आई म्हणे, हसणं फुकट आहे तेवढं तरी पोटभर घ्या. कष्टाचे दिवस असूनही मला ते आनंदाचेच आठवतात. आणि मी पाहिलंय, आनंद आठवायला लागलं की माणसाला लाज वाटते, जणू काही आपण दुःखाशी बेइमानी करतो आहोत. पप्पांची ही लाज त्या हिवाळ्यात सुटली. गाव म्हटलं की पूर्वी त्यांच्या कपाळावर जी आठी यायची ती चुना लावता लावता कुठेतरी पुसली गेली.

लग्नाच्या सकाळी विहारात पांढऱ्या साडीतली सुजाता आणि पांढऱ्या कुडत्यातला अमोल मेणबत्त्यांसमोर बसले, वंदना झाली, आणि नीलाताईंनी माझ्या शेजारी बसून प्रत्येक ओळ मनापासून ऐकली. मग सगळे मैदानात. धुकं विरलं होतं. ऊन पडलं होतं.

आणि पप्पांची तारांबळ सुरू झाली. गेट असतं तर माणूस एका जागी उभा राहून नमस्कार करतो, संपलं. इथे पाहुणे चहूकडून. काही सोसायटीच्या बाजूनं, काही बसस्टॉपकडून, काही यमुनेच्या खादरातल्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीतल्या, भाजीच्या वाफ्यांमधून, बुटांना चिखल लावून. पप्पा, कोट घातलेले, टाय सैल झालेली, या टोकाकडून त्या टोकाकडे पळत होते. ‘‘या या! आइए आइए!’’ फेटा नव्हता, काठी नव्हती. माझ्या हातात ओवाळायचं ताट, आणि मी त्यांच्या मागे. नीलाताई मुद्दाम सगळ्यात लांबच्या बाजूनं, चिखलातून साडी उचलून आल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, ‘‘मी म्हटलं, कुठूनही या म्हणालेत ना, मग बघूच या!’’ पप्पांनी त्यांना बसायला बाज पुढे केली आणि दोघं लहान मुलांसारखे हसले. मला त्या हसण्यानं जे काही वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. इथे सांगते: मला वाटलं, आता पोरीची काळजी संपली.

पप्पांचे बडे साहेब आले, जॉइंट सेक्रेटरी. बाजेवर बसले, बाज मध्ये खोल गेली, आणि त्यांना वर काढायला अमोल आणि अमोलचे वडील, दोघं लागले. साहेबांनी बूट काढून टाकले आणि वर पाय घेऊनच बसले. ‘‘यार, बरसों बाद चारपाई पे बैठा हूँ,’’ म्हणाले. साहेबानं पप्पांना ‘यार’ म्हटलं, याची चर्चा आमच्या घरात महिनाभर चालली.

आणि मग ढोल वाजायला लागला. आम्ही ढोल ठरवलाच नव्हता. बघतो तर काय, शेजारच्या मैदानात एका सरदारजींच्या घरचं लग्न, आणि त्यांची वरात रस्ता चुकून, किंवा रस्ता कुठे अडलाच नाही म्हणून, नाचत नाचत थेट आमच्या मांडवात! पुढे ढोलवाले, मागे गुलाबी पगड्या, घोडीवर तलवार घेतलेला नवरदेव. एका धिप्पाड सरदारजींनी पप्पांना कडकडून मिठी मारली. ‘‘बधाई हो जी, बधाई हो!’’ पप्पांनीही मारली. घोडी मात्र एका मडक्यातल्या पऱ्हाटीचा घास घेऊन मोकळी झाली. नवरीकडचे चेहरे ओळखीचे दिसेनात तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं, आणि सगळं मैदान हसायला लागलं. गुलशनजी तोंडावर हात ठेवून मला म्हणाले, ‘‘मैंने कहा था ना आंटीजी, कोई भी आ जाएगा.’’ पप्पा त्या नवरदेवाला म्हणाले, ‘‘बेटा, मुँह मीठा किए बिना नहीं जाना.’’ त्याला घोडीवरच बुंदी भरवली, वरातीला बुंदी वाटली, आणि मग ढोलाच्या तालावर पप्पांनी स्वतः त्यांना त्यांच्या मांडवापर्यंत पोचवलं. दोन पावलं नाचलेसुद्धा. सुजाता किंचाळली, ‘‘मम्मी, पप्पा नाचतायत!’’

परत आले तेव्हा पंगतीसाठी सतरंज्या अंथरून झाल्या होत्या. पत्रावळी मांडल्या होत्या, रोडग्यांचा आणि तुपाचा वास सुटला होता. पण लोक पांगलेले. काही उन्हात गप्पांत रमलेले, काही बाजेवर पेंगलेले. मैदानाच्या कडेला, कुणी न बोलावलेली माणसं उभी होती. खादरातले भाजीवाले, गाड्यांचे ड्रायव्हर, गुलशनजींचे मजूर, रस्त्यानं जाताना ढोल ऐकून थांबलेली दोन कुटुंबं. दोरी नव्हती, पडदा नव्हता, तरी ती सगळी एका न दिसणाऱ्या रेघेच्या बाहेर थांबलेली. पप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग मांडवाच्या मधोमध गेले, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि हाक दिली.

‘‘चालाऽऽ! जेवाले चालाऽऽ होऽऽ!’’

आमच्या गावांत लग्नाच्या दिवशी ही हाक घरोघर जाई. हाक द्यायचं काम वेसकराचं, म्हणजे पप्पांच्याच घराचं. साऱ्या गावाला दुसऱ्याच्या जेवणाला बोलवायचं, आणि मग आपण मांडवाबाहेर बसायचं, सगळ्यांचं झाल्यावर जे उरेल त्यासाठी. काठी सोडली तेव्हा सासऱ्यांनी हाकही सोडली होती. हा आवाज मी इतक्या वर्षांच्या संसारात कधी ऐकला नव्हता. यांच्या गळ्यात तो आहे हेच मला माहीत नव्हतं. मैदानाच्या पार तो सोसायटीच्या गच्च्यांपर्यंत गेला, बाल्कन्यांत माणसं आली. शब्द कुणाला कळले नाहीत, अर्थ सगळ्यांना कळला. बडे साहेब अनवाणी उठले. कडेची माणसं एकमेकांकडे बघत, आधी एक, मग सगळी, आत आली.

पप्पा पुन्हा हाक द्यायला तोंडाशी हात नेणार, तेवढ्यात सुजातानं ते हात धरले. पांढऱ्या साडीतली, कपाळावर घाम, एका खांद्यावर कापूस चिकटलेला. तिनं त्यांना ओढत पहिल्या पंगतीत, पहिल्या पत्रावळीवर नेऊन बसवलं. मुलीच्या बापानं सगळ्यांच्या शेवटी जेवायचं असतं, असं कुणीतरी म्हणालं. ‘‘असतं ना,’’ ती म्हणाली, ‘‘खूप झालं ते.’’ मग आमची पोरगी मांडवाच्या मधोमध जाऊन उभी राहिली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि आपल्या मोडक्यातोडक्या वऱ्हाडीत सगळ्या मयूर विहारला जेवायला बोलवू लागली. आणि तिचा बाप, मांडी घालून, मान खाली न घालता, गरम गरम जेवत होता.